हौदाच्या फरशीला हात लावू नये

८ मे १९७३, मंगळवार

मुनीमजींनी ही डायरी दिली. मिलची आहे. वर साडी नेसून बसलेली बाई छापली आहे, तिला घरात काही काम नसावं. मुनीमजी म्हणाले, सोनाबेन, कडियो आवशे, हौदाभोवती नवी फरशी बसवेल, रोज काय काम झालं ते लिहून ठेवा. मी म्हटलं, मला मराठीच लिहिता येतं आणि तेही तिसरीपर्यंतचं. म्हणाले, चालशे. त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणजे हे कोणीच वाचणार नाही. बरंच आहे. माझ्या कामात कोणी नाक खुपसलेलं मला खपत नाही.

शेठ त्याला स्विमिंग पूल म्हणतात. मी हौद म्हणते. हौदच आहे, फक्त धुणं आपटायला दगड ठेवलेला नाही. शेठची सगळी माणसं मुंबईला राहायला गेली. बंगल्यात मी एकटी असते. मला एकटीला राहायलाच आवडतं. समोरून सुरतहून डुमसला जाणारी बस जाते, ती इथे थांबत नाही. तेही बरंच आहे.

दिवाळीला शेठ सगळ्यांना घेऊन येणार. तोपर्यंत फरशी आरशासारखी पाहिजे. पाहिजे म्हणजे होणारच. मी आहे ना इथे.

११ मे

कडिया आला, म्हणजे आपला गवंडी. नाव हिलाल. आमच्याकडचाच निघाला, शिरपूरचा. राहतो नवागामला. तोंडात विडी, काखेत थापी. आल्या आल्या म्हणतो, काय व माय, इतला मोठा बंगलामा तू एकलीच ऱ्हास का? मी अहिराणीत उत्तर दिलं नाही. कामाच्या माणसाशी पहिल्याच दिवशी गोड बोललं की तो डोक्यावर बसतो. म्हटलं, फरशीचं बघ.

कोटा फरशी आहे, हिरवट. ट्रक भरून आली. मला शहाबादी बरी वाटते, पण मला कोण विचारतं.

दोनदा चहा दिला. उद्यापासून एकदाच.

१४ मे

तीनदा दिला. सिमेंट-वाळू कालवून झाली की माणूस जरा उभा राहतो. उभा राहिलेला माणूस मला बघवत नाही, म्हणून.

हिलाल फार बोलतो. बायकोचे गुडघे दुखतात. नवागामच्या नळाला पाणी येत नाही. मेव्हण्याची म्हैस लाथा मारते, दूध काढू देत नाही, विकायला काढली तर गिऱ्हाइकालाच लाथ मारली. मी असलं काही ऐकत नाही. म्हैस विकली की नाही ते उद्या विचारायला पाहिजे. कामगाराच्या घरी कटकट असली की कामात लक्ष राहत नाही, म्हणून.

२१ मे

म्हैस विकली नाही.

हिलाल डबा आणतो, पण त्यात काय असतं, दोन गार पोळ्या. भुकेला माणूस थापी हळू चालवतो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी केली आणि ठेचा. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. नाही नाही म्हणत खाल्ल्या. चेहऱ्यावरून कळतं ना. आमच्याकडच्या माणसाला सुरतमध्ये कळण्याची भाकरी देणार कोण? इथे डाळीत सुद्धा गूळ घालतात.

उद्यापासून देणार नाही. सवय लागेल.

२९ मे, मंगळवार

फरशी बसली. पॉलिशही झालं. तोंड दिसतं, खोटं सांगत नाही, वाकलं की माझं तोंड दिसलं. दमलेलं दिसलं, पण ते माझं आहे, फरशीचा दोष नाही. मुनीमजी येऊन गेले, बहु सरस म्हणाले. हिलालने थापी धुतली, सायकलला पिशवी अडकवली आणि गेला. येतो व माय म्हणाला. म्हणजे येणार नाही. तशी बोलायची पद्धत असते.

सुटले एकदाची. विड्यांची थोटकं नाहीत, म्हैस नाही. बंगला कसा शांत शांत झाला. इतका शांत की स्टोव्ह विझवला तर तो विझल्याचं सुद्धा ऐकू येतं.

१ जून

हौदाच्या पायरीपाशी फरशीवर सिमेंटचे ओघळ राहिलेत. हिलालला दिसले नाहीत, मुनीमजींना दिसले नाहीत, मला दिसले. माझी नजरच तशी आहे. लग्नाआधी अमळनेरला मास्तरांच्या घरी मी कामाला होते, त्यांचं तांब्याचं घंगाळ चिंचेने असं घासायची की मास्तर त्यात बघून दाढी करायचे.

चिंच भिजवली, मीठ घातलं आणि चोळली. आधी ओघळ होते तिथेच. मग म्हटलं, एक कोपरा उजळ आणि बाकी तसंच, बरं दिसत नाही. सगळ्या फरशीला चोळली. दुपारभर मुरू दिली.

२ जून

आरसा गेला. सगळी फरशी राखेने पुसल्यासारखी. माल हलका आहे. मला वाटतच होतं. मुनीमजींना फोन केला, म्हटलं कडियाला पाठवा, फरशी उतरली.

५ जून

हिलाल आला. फरशीजवळ बसला. बोट घासलं आणि चाटलं. मग माझ्याकडे बघून म्हणतो, चिंच कसाले लाई व माय? फरशी शे, तांब्या नही! खो खो हसला. म्हणे ह्या दगडाला आंबट चालत नाही, आंबट लागलं की तो वरून खातो स्वतःला.

मी म्हटलं, मी काही लावलं नाही. चिंच हे काही लावणं नव्हे, ते घासणं आहे.

आता सगळं पॉलिश परत. मशीन परत. मला खरं कारण कळलं आहे, पण बोलले नाही. फरशी हिलालनेच निवडली होती. मुद्दाम हलकी निवडली असणार, परत परत बोलावणं यावं म्हणून. भाकरी सुटत नाही माणसाला. दुपारी पाटवड्यांची आमटी केली. काम लांबवू नकोस, असं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, नही लांबाडत व माय. खाली बघून म्हणाला. चोराच्या मनात चांदणं.

म्हैस मेव्हण्याच्या बायकोशी नीट वागते. फक्त पुरुषांना मारते. मला ती म्हैस आवडायला लागली आहे.

१४ जून

पॉलिश झालं. हिलाल गेला. जाताना म्हणाला, माय, एक काम कर, फरशीले हातच नको लावू. मी म्हटलं, मला काय दुसरी कामं नाहीत? मी तिच्याकडे बघणार सुद्धा नाही.

१५ जून

बघितलं नाही.

१६ जून, शनिवार

बघितलं. कोरडी दिसते. हात लावायचा नाही म्हणाला होता, तेल लावायचं नाही असं काही म्हणाला नव्हता. मास्तरांकडे शहाबादीला मी दर शनिवारी तेल द्यायची, नारळाच्या शेंडीने. काळीभोर व्हायची. चालताना मास्तरीणबाई भिंत धरून चालायच्या, इतकी.

डबाभर तिळाचं तेल लागलं. कंबर मोडली. पण फरशी बघून डोळे निवले. आता हिलालला बोलावायची पाळी यायची नाही. त्याला वाटत असेल यांचं माझ्यावाचून अडतं. अडत नाही.

१९ जून

मुनीमजी फरशी बघायला आले. काठाने दोन पावलं चालले आणि बसले. म्हणजे त्यांना बसायचं नव्हतं. टोपी हौदात, छत्री हौदात, मुनीमजी काठावर. धोतराला तिळाचं तेल. पाऊस पडून हौदात हातभर पाणी साचलं होतं, त्यात त्यांची टोपी होडीसारखी फिरत होती. मी आधी टोपी काढली, मग त्यांना उठवलं. ते म्हणाले आधी मला उठवायला पाहिजे होतं. टोपी बुडाली असती तर?

मी म्हटलं, तुमच्या चपलांचे तळ गेलेत. ते काहीतरी फार भरभर बोलले, मला अर्धं गुजराती कळतं, त्यांनी नेमकं दुसरं अर्धं वापरलं. कडियाला बोलवायचं त्यांनीच ठरवलं. मी फोन केलेला नाही, हे इथे लिहून ठेवते.

२२ जून

हिलाल लाकडाचा भुसा आणि धुण्याचा सोडा घेऊन आला. भुसा टाकायचा, तेल प्यायला की झाडायचा, परत टाकायचा. कितीतरी दिवस चालणार म्हणे. करू दे. मी काही घाई केली नाही. घाईची कामं बिघडतात.

आज हसला नाही तो. मी विचारलं, म्हैस? म्हणाला, शे तठेच शे. बाकी काही नाही. भाकरीही एकच खाल्ली. घरी भांडण झालं असावं. माझ्याशी बोलला असता तर मी चार शब्द समजुतीचे सांगितले असते. माझ्या सांगण्याने पुष्कळांचं भलं झालं आहे.

८ जुलै, रविवार

फरशी साफ झाली. तेलाचा मागमूस नाही. हिलाल गेला. पाऊस लागून राहिला आहे.

मी खिडकीत बसून चहा प्याले. दोन कप केला होता. हाताला सवय लागते, त्यात डोक्याचा काही संबंध नसतो.

१७ जुलै

फरशीवर पांढरं फुटलं आहे! दरजांमधून, जिथे दोन फरश्यांमध्ये सिमेंट भरलंय तिथून, मिठासारखी भुकटी वर आली आहे. आणि या वेळेला मी काही म्हणजे काही केलेलं नाही. देवाशपथ. ना चिंच ना तेल. इतका आनंद झाला की फोन करताना आवाज चढला. मुनीमजी घाबरले, आग लागली का म्हणाले.

२० जुलै

हिलाल आला. म्हणाला, खार शे. वाळू खारी आली असेल, पावसाने वर काढलं. औषध काही नाही. कोरड्या झाडूने झाडायचं, पाणी मारायचं नाही, आपोआप बंद होईल. मी विचारलं, बसून काही करायचं नाही का? नाही म्हणाला. चहा सुद्धा उभ्याने घेतला. पलसाण्याला कुठे रंगाच्या कारखान्यात जमीन बसवायचं मोठं काम मिळालंय म्हणे.

पलसाण्याला त्याला कोण भाकरी देणार? येईल परत. आला म्हणजे बोलणार नाही मी.

२२ जुलै, रविवार

भगवंत आला होता. माझा मुलगा. उधन्याच्या मिलमध्ये आहे, राहतो नवागामला एका खोलीत, तो आणि त्याची बायको शोभा. मी आधी तिथेच होते. शोभाने घासलेली भांडी मी परत घासायचे. तिच्याच भल्यासाठी, तिला कळावं भांडं म्हणजे काय ते. तिला भलं करून घेता आलं नाही. मग भगवंताच्या वडिलांच्या मागे शेठनी मला इथलं काम दिलं आणि मी आले. मी आले, कोणी पाठवलं नाही.

भगवंत म्हणाला, पाच तारखेला कानबाई बसवतोय, तू ये. माणसं कमी पडतात, रोट उरतात. खरं आहे ते. कानबाई आमची देवी, तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला देता येत नाहीत, आणि टाकता तर येतच नाहीत. घरात माणसं कमी असली की जीव मेटाकुटीला येतो. मी म्हटलं, फरशीला खार फुटलाय, त्या रविवारी हिलाल येणार आहे, मी इथे नसले तर सगळी वाट लावून ठेवेल. भगवंत म्हणाला, बरं.

लगेच म्हणाला. एक वेळ अजून विचारलं असतं तर माणूस विचार करतो. जाताना फरशीकडे बघून म्हणाला, छान आहे की, आई. खार त्याला दिसलाच नाही. नजर शोभाची लागली आहे.

५ ऑगस्ट, रविवार, सकाळ

खपली गव्हाची पोळी, खीर, गंगाफळाची भाजी. हे कानबाईचं नाही. सहज केलं. हिलाल आला तर जेवेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आला नाही. त्याच्या घरी पण कानबाई बसते. हे मला ठाऊक होतं. म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येकाच्या घरी बसते, ठाऊक असणारच. पण कामाच्या गडबडीत राहून गेलं. आणि तसं तो रविवारी येतो असं कधी म्हणालाही नव्हता. मी धरून चालले होते. माणसाने आपणहून समजून यायला पाहिजे.

खीर जास्त झाली.

९ ऑगस्ट

भगवंत पाळीला जाताना वाट वाकडी करून गेटवर पुरचुंडी देऊन गेला. रोट. सायकलवरून उतरला नाही, भोंगा व्हायचा होता म्हणे. रोट वाळून कडक झाले होते, दुधात बुडवून खाल्ले. सगळे खाल्ले. परक्याला देता येत नाहीत. म्हणजे ज्याला दिले तो परका नाही. हे आपलं नियमाचं म्हणून लिहिलं.

२५ ऑगस्ट

खार कमी झाला. झाडू मारून मारून जवळजवळ गेलाच आहे.

पण धूळ बसते. म्हणून सकाळी बादल्या ओतून धुऊन काढायला सुरुवात केली आहे. स्वच्छता पाहिजे. पाणी मारायचं नाही म्हणाला होता तो, पण त्याचं काय, त्याला मजुरीची पडलेली.

३ सप्टेंबर

खार परत फुटला! आधीपेक्षा जास्त. काठाला तर पांढरी मिशी आल्यासारखं. मी म्हटलंच होतं आपोआप जायचा नाही. मुनीमजींना फोन केला.

७ सप्टेंबर

हिलाल आला नाही. निरोप आला, पलसाण्याला आहे.

परत फोन केला.

१० सप्टेंबर

परत फोन केला. मुनीमजी म्हणाले, सोनाबेन, ही फरशी आहे की आजारी सासू? रोज तब्येतीचं कळवता. म्हणाले, शेठना सांगतो, सगळी उखडून टाकू, नुसतं सिमेंट ओतू, कटकट संपेल.

मी एकदम नको नको म्हणाले. दिवाळी तोंडावर आलेली, शेठची माणसं काय म्हणतील? त्या काळजीने. दुसरं काही नाही. म्हटलं, एकदा हिलालला विचारा. फरशीचं त्यालाच कळतं. हे मी म्हटलं.

१५ सप्टेंबर

हिलाल आला. हौदाभोवती एक चक्कर मारली. विडी पेटवली, विझवली. मग मुनीमजींना म्हणाला, सगळी फरशी काढतो आणि उलटी बसवतो. पाठ वर. पाठ खडबडीत असते, तिला पॉलिश नाही की काही नाही. घसरायचं नाही, उतरायचं नाही, डाग दिसायचा नाही. खालची वाळूही धुतलेली घालतो, म्हणजे खार नको. कोणी काही लावलं तरी तिला काही होणार नाही. कोणी म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. तेच खटकलं.

मुनीमजी खूश. मी म्हटलं, पाठ वर करून बसलेली फरशी शोभेल का बंगल्याला? हिलाल फरश्या मोजायला लागला.

१९ सप्टेंबर

गोंधळ! दिवाळीआधी उरकायचं म्हणून हिलालने घरचे सगळे आणलेत. बायको मीराबाई, मेव्हणा भिकन, मेव्हण्याची बायको, तिची बहीण. फरश्या उचलतात, घासतात, हाका मारतात, भांडतात. मीराबाई गुडघे धरून बसल्या बसल्या सगळ्यांना कामाला लावते. भिकनला म्हणाली, तुनी म्हैस बी तुन्हापेक्षा भारी काम करस. तो म्हणाला, मग तिले आन फरशी उचलाले. मला हसू आलं, मी तोंड फिरवलं.

चहाचं पातेलं पुरलं नाही, मोठं काढलं. डोकं उठलं माझं. संध्याकाळी सगळे गेल्यावर सुद्धा कानात आवाज येत होते. झोप छान लागली. दमल्यामुळे.

२१ सप्टेंबर

सगळ्यांसाठी शेवभाजी. मेव्हण्याची बायको म्हणाली, मावशी, तुमच्या हाताला चव आहे. लबाड आहे, पण आहे ते आहे.

२३ सप्टेंबर

मेव्हण्याच्या बायकोच्या बहिणीने गाणं म्हटलं, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्यावरचं. वेळ नाही काळ नाही. चुकीचं म्हणत होती, मधली ओळ खाल्ली. मला राहवलं नाही, मी म्हणून दाखवली. मग पुढचं पण मीच म्हटलं. मग सगळ्यांनी. काम किती वेळ बंद राहिलं! असं चालणार नाही, उद्या सांगते.

२४ सप्टेंबर

सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर

आज मीराबाईपाशी बसून मी लसूण सोलत होते. ती म्हणाली, एक बोलू का माय, राग नको धरू. ठेचा जरा कमी तिखट कर. त्याला पोटात जळजळ होते, डॉक्टरने मिरची बंद केली आहे चैत्रापासून. मी म्हटलं, मग खातो कशाला दोन दोन भाकऱ्या? ती म्हणाली, त्याला पण मी हेच विचारलं. तर म्हणे, ती माय एकली शे, ताट मांडीसन वाट दखस, तिले नही कसं म्हनू?

लसूण सोलून झाला.

खोटं आहे. भूक असल्याशिवाय कोणी दोन भाकऱ्या खात नाही. मीराबाईला स्वतःला नीट भाकरी येत नसावी, म्हणून जळते. जळजळ तिलाच आहे.

संध्याकाळी वरण भात केला. फिकं. कोणाच्या सांगण्यावरून नाही, मलाच आला होता कंटाळा तिखटाचा.

१ ऑक्टोबर, सोमवार

उलटी फरशी बसली. काम संपलं. सामान भरलं. मीराबाई गेटमधून म्हणाली, ये ना व नवागामले, दिनभर आठे एकली काय करस? मी म्हटलं, काम का थोडं असतं मला? ती म्हणाली, तेही खरंच. आणि गेली. तेही खरंच म्हणायची काय गरज होती?

हिलालने हात जोडले. म्हणाला, माय, आता काय बी लाव, तिले काय बी होनार नही.

८ ऑक्टोबर

आता मला वेळच वेळ. ठरवलं आहे: रोज वाचायचं, गुजराती लिहायला शिकायचं, खिडक्यांना रंग. रविवारी नवागामला चक्कर टाकायची. भगवंताकडे नाही, अशीच. भगवंताचं घर वाटेत लागलं तर बघू.

१५ ऑक्टोबर

काल रविवार होता. डुमसची बस इथे थांबत नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. शेठची माणसं आज आली, दोन गाड्या भरून. दुपारपुरती. मुलांनी हौदात उड्या मारल्या, काठाने धावली, कोणी घसरलं नाही, कोणी पडलं नाही. शेठाणीबाई काठावर पाय सोडून बसल्या, मुंबईचं बोलत होत्या. फरशीकडे कोणी बघितलंच नाही. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले, विचारलं तर सांगावं म्हणून. चिंच, तेल, खार, सगळं सांगायचं होतं. शेठाणीबाई म्हणाल्या, सोनाबेन, ऊन लागेल, आत जा ना.

चांगल्या फरशीची खूण हीच. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

पाच वाजता गेले. मुलांचा एक टॉवेल राहिला. धुवून घडी करून ठेवला. येतील न्यायला.

६ नोव्हेंबर

फोन आला. टॉवेल पुसायला घ्या म्हणाले.

१४ नोव्हेंबर

पायरीपाशी डाग आहे असं वाटलं. चिंच लावली. थोडीशी. दुपारी बघितलं. काही झालेलं नाही.

१५ नोव्हेंबर

सगळीकडे लावली. काही नाही.

१९ नोव्हेंबर

तेल. प्यायली आणि तशीच. वरून चालून बघितलं, जोराने पण चालले. घसरत नाही.

२३ नोव्हेंबर

आठवडाभर पाणी ओतते आहे. खार नाही. गुडघ्यावर बसून दरज न् दरज बघितली, बोटाने उकरून बघितली. काम चोख केलं आहे मेल्याने. एवढं चोख करायचं काय अडलं होतं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

मुनीमजींना फोन केला. घाईत होते. शुं थयुं सोनाबेन? पाछी फरशी? म्हटलं, नाही. फरशी चांगली आहे. डाग नाही, खार नाही, घसरत नाही. मग म्हणाले, तो पछी फोन शा माटे कर्यो?

मी म्हटलं, फोन असाच केला. पण तोवर त्यांनी ठेवला होता.